पहिला जोर कोणी लावायचा?

चूक कोणाची, देल तोरोची की कारापाझची? ३१ मे २०२५ रोजी इटलीतल्या एका घाटात जे घडले, त्यावर सायकल शर्यतींचे शौकीन अजून वाद घालतात. युरोपात घालतात, मेक्सिकोत घालतात, आणि शहाद्याहून तोरणमाळकडे सायकली हाणणारी आमच्या नंदुरबार जिल्ह्यातली मुलेही घालतात. ऊन चढायच्या आत म्हसावद मागे टाकायचे, राणीपूरला चहासाठी थांबायचे, आणि समोरच्या सातपुड्याला भिडण्याआधी तोच विषय पुन्हा काढायचा. कोणी देल तोरोला भित्रा म्हणतो, कोणी कारापाझला हट्टी. चहा संपतो, वाद संपत नाही.

मला हा वाद ऐकायला आवडतो, कारण तो फक्त सायकलचा नाही. आपण रोज ज्या गाठीत अडकतो, तीच गाठ त्या घाटात साऱ्या जगासमोर पडली होती.

घडले ते असे. जिरो द इतालिया ही इटलीची तीन आठवड्यांची शर्यत. २१ टप्पे, सगळ्या टप्प्यांच्या वेळेची बेरीज, आणि ज्याची बेरीज सर्वांत कमी त्याच्या अंगावर गुलाबी जर्सी. विसाव्या दिवसापर्यंत ती जर्सी इसाक देल तोरो या २१ वर्षांच्या मेक्सिकन मुलाकडे होती. ती घालणारा तो पहिला मेक्सिकन. त्याच्या मागे अवघ्या ४३ सेकंदांवर इक्वेडोरचा रिचर्ड कारापाझ, आणि १ मिनिट २१ सेकंदांवर इंग्लंडचा सायमन येट्स. त्या वर्षीचा शेवटचा दिवस रोममध्ये सपाट रस्त्यावरचा, जवळजवळ मिरवणुकीसारखा होता. म्हणजे निकाल विसाव्या टप्प्यावरच लागणार होता, आणि त्या टप्प्यात फिनेस्त्रेचा घाट होता.

हा घाट कसा आहे, ते तोरणमाळ चढलेल्या माणसाला लवकर कळेल. तोरणमाळचे पठार हजार मीटरांहून उंच आहे. फिनेस्त्रेचा माथा २,१७८ मीटरवर आहे. साडेअठरा किलोमीटरची सलग चढण, सरासरी चढ नऊ टक्क्यांहून जास्त, आणि वरचा सुमारे आठ किलोमीटरचा रस्ता डांबराविना, खडी-मातीचा. जगातल्या उत्तम स्वारांनाही तो चढायला तासभर लागतो.

घाटाच्या पायथ्याशीच कारापाझच्या संघाने वेग वाढवला आणि कारापाझने हल्ला चढवला. देल तोरो त्याच्या चाकाला चिकटला. येट्स आधी जरा मागे पडला, मग सावकाश आला, जोडीला गाठले, आणि पुन्हा पुन्हा जोर लावत एकटाच पुढे निघाला. दोघांपैकी कोणीही जिवाच्या आकांताने त्याच्या मागे गेले नाही. देल तोरोचा हिशेब असा असावा की आपल्याला खरा धोका ४३ सेकंदांवरच्या कारापाझचा. त्याला सोडायचे नाही. कारापाझचा हिशेब असा की जर्सी ज्याची, पाठलाग त्याने करावा. मी का त्याचे ओझे वाहू? दोघांचे हिशेब आपापल्या जागी बरोबर होते. येट्स मात्र लांब जात होता. माथ्यावर पोहोचला तेव्हा बेरजेत गुलाबी जर्सी त्याची झाली होती.

उताराला लागल्यावर येट्सला त्याच्या संघातला वाउट व्हान आर्ट भेटला. बेल्जियमचा हा बलदंड स्वार सकाळीच पुढच्या घोळक्यात जाऊन बसला होता, आणि आता आपल्या माणसासाठी थांबला होता. खोऱ्यातल्या रस्त्यावर त्याने येट्सच्या पुढे राहून वारा कापला आणि सेस्ट्रिएरेच्या शेवटच्या चढापर्यंत त्याला ओढत नेले. मागे देल तोरो आणि कारापाझ अजूनही एकमेकांकडे बघत होते. टप्पा ऑस्ट्रेलियाच्या क्रिस हार्परने जिंकला. येट्स तिसरा आला. त्याच्यानंतर पाच मिनिटांहून अधिक वेळ गेला, तेव्हा ते दोघे आले. आपल्याकडे तेव्हा रात्रीचे पावणेनऊ वाजत आले असतील. दुसऱ्या दिवशी रोममध्ये शर्यत संपली: येट्स पहिला, देल तोरो ३ मिनिटे ५६ सेकंदांनी दुसरा, कारापाझ ४ मिनिटे ४३ सेकंदांनी तिसरा.

आता वाद. एक बाजू म्हणते, देल तोरो चुकला. ज्याच्या अंगावर जर्सी, तिची राखण त्याचीच. कारापाझने काही केले नाही म्हणून मीही करणार नाही, हे पहिल्या क्रमांकाच्या माणसाला शोभत नाही. शर्यतीनंतर कारापाझनेही जवळपास हेच बोलून दाखवले. दुसरी बाजू म्हणते, कारापाझ चुकला. त्याच्यात दम होता, अनुभव होता, आणि येट्स पुढे गेल्यावर त्याचीही संधी जात होती. दोघांनी आळीपाळीने जोर लावला असता, तर त्यांच्यातला एक जण नक्की जिंकला असता. आमच्याकडे या वादात बसलेल्या एका वडीलधाऱ्या माणसाने दोन्ही बाजू शांतपणे ऐकून अहिराणीत निकाल दिला: "दोन्ही एकमेकास्ना तोंडाकडे देखत ऱ्हायनात, आनि तिसरा निंघी गया." माझ्या मते त्या दिवसाचे इतके नेमके वर्णन कोणत्याही वर्तमानपत्राने केले नसेल.

सायकलच्या शर्यतीत दुसऱ्याच्या मागे राहण्याला अर्थ आहे, हे मान्य केले पाहिजे. सपाट रस्त्यावर वेगात जाताना बहुतेक ताकद वारा कापण्यात जाते. पुढच्याच्या आडोशाला राहिलेल्याची ताकद चांगलीच वाचते. म्हणून पुढे राहणारा नेहमी विचार करतो की मी दमतो आहे आणि मागचा माझ्या कष्टावर बसला आहे. हा संशय शर्यतीच्या पोटातच आहे. पण उभ्या चढावर वेग कमी असतो, वाऱ्याचा अडसर कमी असतो, आणि प्रत्येकाला स्वतःचे वजन स्वतःच वर न्यावे लागते. तिथे दुसऱ्याच्या मागे राहून फारसे काही वाचत नाही. फिनेस्त्रेवर देल तोरो कारापाझच्या मागे राहिला, त्यातून त्याला थोडाच आडोसा मिळाला. त्याच्या मनाला तेवढा आधार वाटला असेल, पण त्या आधाराची किंमत जर्सीएवढी होती.

आपल्याकडच्या शर्यतप्रेमींना हे नवे नाही. मुंबई-पुणे सायकल शर्यतीत बोरघाट चढताना जो सर्वांत आधी माथा गाठतो, त्याला 'घाटाचा राजा' म्हणतात. खोपोलीपासून वर, शिंग्रोबाच्या देवळाजवळून जाणाऱ्या त्या वळणांवर लोक दाटीवाटीने उभे राहत आणि दम टाकणाऱ्या पोरांना नावाने हाका मारत. पण घाटाचा राजा झाला म्हणजे शर्यत जिंकली, असे नाही. खंडाळ्यानंतर पुण्यापर्यंतचा लांब रस्ता उरतो. तिथे एकटा पडलेला राजा मागून एकदिलाने येणाऱ्या घोळक्याच्या हाती सापडू शकतो. चढावर स्वतःचा जोर लावायचा आणि मैदानावर आळीपाळीने वारा कापायचा, ही दोन्ही कामे ज्याला जमतात तो पुण्यात आधी पोहोचतो. येट्सला त्या दिवशी दोन्ही जमली. चढावर तो कोणाची वाट पाहत थांबला नाही, आणि खोऱ्यात त्याच्यासाठी कोणीतरी थांबले होते.

देल तोरो आणि कारापाझला मी दोषी ठरवून मोकळा होत नाही, कारण दोघेही लहान माणसे नाहीत. कारापाझ कोलंबियाच्या सीमेजवळ, अँडीज पर्वतातल्या एल कार्मेलो नावाच्या खेड्यात वाढला. वडिलांनी भंगारात आणलेल्या मोडक्या सायकलवर तो शिकला, आणि २०१९ मध्ये हीच जिरो जिंकणारा पहिला इक्वेडोरचा माणूस ठरला. टोकियो ऑलिंपिकमध्ये रस्त्यावरच्या शर्यतीचे सुवर्णपदकही त्याच्याकडे आहे. आमच्या पाड्यांतल्या कितीतरी मुलांना ही गोष्ट आपली वाटेल, कारण इथेही पहिली सायकल बहुधा कोणाची तरी जुनी, दोन ठिकाणी वेल्डिंग केलेली असते. आणि देल तोरो? २१ व्या वर्षी, पहिल्यांदाच एवढी मोठी आघाडी सांभाळताना, पुढे जाणाऱ्या येट्समागे जाऊन शेवटी आपलाच दम तुटला तर, या विचाराने तो गोठला असेल, तर ते माणसासारखेच आहे. त्याच वर्षी पुढे त्याने बऱ्याच शर्यती जिंकल्या. त्या घाटाने त्याला मोडले नाही.

कारापाझबद्दल मात्र एक गोष्ट सांगायलाच हवी. २०१९ मध्ये तो जिंकला, ते याच गाठीमुळे. त्या वर्षी सगळ्यांच्या नजरा इटलीचा व्हिन्चेन्झो नीबाली आणि स्लोव्हेनियाचा प्रिमोश रोग्लिच या दोघांवर होत्या. दोघे एकमेकांना सोडायला तयार नव्हते. तू पुढे हो, नाही तू पुढे हो, यात त्यांचे घाटामागून घाट गेले. कुर्मायरच्या चौदाव्या टप्प्यावर कारापाझ एकटा निघून गेला, टप्पा जिंकला, गुलाबी जर्सी घेतली आणि ती रोमकडे नाही, तर त्या वर्षी शर्यत जिथे संपत होती त्या व्हेरोनापर्यंत नेली. सहा वर्षांनी तोच कारापाझ नीबालीच्या जागी उभा होता. दुसऱ्याच्या अशा चुकीचा फायदा एकदा घेतलेल्या माणसालाही आपल्या वेळी ती चूक टाळता येत नाही. इतकी ही गाठ चिवट आहे.

आणखी मागे जा. इटलीच्या सायकल इतिहासात फाउस्तो कॉप्पी आणि जिनो बार्ताली यांची स्पर्धा सर्वांत मोठी. अर्धा देश एकाच्या बाजूने, अर्धा दुसऱ्याच्या. १९४८ मध्ये नेदरलँड्समधल्या फाल्केनबर्गला जागतिक अजिंक्यपदाची शर्यत झाली. दोघे एकाच देशाच्या संघात. पण दुसरा जिंकू नये, हीच दोघांना चिंता. ते एकमेकांवर इतकी नजर ठेवून राहिले की पुढचे पुढे निघून गेले आणि शेवटी दोघांनीही शर्यत अर्धवट सोडली. त्यांच्याच देशाच्या संघटनेने दोघांवर बंदी घातली.

पुढच्याच वर्षी, १९४९ मध्ये, तेच दोघे फ्रान्सच्या शर्यतीत एका संघातून उतरले. १८ जुलैला आल्प्समधला कान ते ब्रियाँसाँ हा टप्पा होता. त्या दिवशी दोघे मिळून बाकी सगळ्यांना मागे टाकून गेले, इझोआरचा घाट एकत्र पार केला. बार्तालीचा तो पस्तिसावा वाढदिवस. कॉप्पीने टप्पा त्याला जिंकू दिला. दुसऱ्या दिवशी आघाडी कॉप्पीकडे आली, आणि पॅरिसला कॉप्पी पहिला, बार्ताली दुसरा आला. माणसे तीच, वैर तेच, पाय तेच. फाल्केनबर्गला दोघांच्या हाती काही लागले नाही. पुढच्या वर्षी फ्रान्सला पहिले दोन्ही क्रमांक त्यांचे. जिरोमधल्या सर्वांत उंच माथ्याला आज कॉप्पीच्या नावाने ओळखतात. २०२५ मध्ये तो मान ज्या घाटाकडे होता, तो फिनेस्त्रे. कॉप्पीच्या नावाच्या माथ्याकडे जाताना दोन मोठ्या स्वारांनी १९४८ ची चूक पुन्हा केली.

मग हा गुंता सुटतो कसा? मला त्याचे उत्तर आमच्या सातपुड्यातच दिसते. धडगाव-अक्राणीकडच्या भिल्ल आणि पावरा पाड्यांत एक रीत आहे. कुठे तिला लाह म्हणतात, कुठे लाहा. कोणाला घर बांधायचे असले, पेरणी किंवा कापणी अंगावर आली असली, की तो पाड्यावर निरोप देतो. घराघरातून माणसे येतात, आपापली अवजारे घेऊन. मजुरी नाही. ज्याचे काम, तो सगळ्यांना जेवू घालतो. पुढे दुसऱ्याच्या कामाला तो जातो. घराचे लाकूड उभे करायला, कौले चढवायला एका कुटुंबाला कितीतरी दिवस लागले असते. पाडा मिळून ते काम झटक्यात उरकतो. या रीतीत हिशेब नसतो, असे मी म्हणणार नाही. कोण आला, कोण नाही आला, हे पाड्याला ठाऊक असते. पण तो हिशेब काम झाल्यावरचा आहे. कामाआधी कोणी असे विचारत बसत नाही की पहिली कुदळ कोणाची. ज्याला आधी पोहोचता येते, त्याची पहिली कुदळ.

मला वाटते सगळा फरक एवढ्यातच आहे. हिशेब करणे वाईट नाही. हिशेब आधी करणे आणि हात नंतर लावणे, हे घातक आहे. देल तोरो आणि कारापाझ दोघेही हिशेबात पक्के होते, पण तो त्यांनी चढ चालू असताना मांडला. वाट चालू असताना वाट्याचा वाद घालणाऱ्याच्या हातून वाटही जाते आणि वाटाही.

आपल्या दिवसाकडे पाहिले तर अशी कितीतरी कामे सापडतात. दोन भावांच्या सामाईक विहिरीचा पंप बिघडलेला असतो आणि दोघेही दुसऱ्याने मिस्त्री बोलवावा म्हणून थांबतात. तोवर पीक माना टाकते. दोन शेजाऱ्यांच्या मधली गटार तुंबलेली असते. दोन खात्यांच्या मधला एक कागद असतो, ज्यावर सही दोघांची लागते आणि दोघेही आधी समोरच्याची मागतात. नवरा-बायकोत अबोला असतो आणि पहिला शब्द कोणी काढायचा यावर दोन दिवस जातात. गावातल्या दोन गटांत शाळेच्या छपरावरून तंटा असतो आणि पावसाळा तोंडावर आलेला असतो. या प्रत्येक ठिकाणी दोन्ही बाजूंचा हिशेब आपापल्या जागी खरा असतो. म्हणूनच तो सुटत नाही. आणि प्रत्येक ठिकाणी कोणीतरी तिसरा पुढे निघून जात असतो. कधी तो पाऊस असतो, कधी व्याज, कधी एखादा दलाल, आणि कधी फक्त आयुष्यातली वेळ.

कोणी म्हणेल, मग प्रत्येक वेळी मीच का? मी जोर लावायचा आणि दुसऱ्याने माझ्या आडोशाला बसून शेवटी मला मागे टाकायचे? हा प्रश्न खोटा नाही. असे घडते, शर्यतीत घडते आणि घरातही घडते. पण दोन गोष्टी लक्षात ठेवाव्यात. पहिली, फिनेस्त्रेसारख्या चढावर लपायला आडोसाच नसतो. जो थांबतो त्याचेही श्रम वाचत नाहीत, फक्त वेळ जातो. आपल्या बहुतेक अडलेल्या कामांचे तसेच आहे. न केलेले काम मनावर ओझे ठेवतेच. दुसरी, ज्याच्याकडे जास्त आहे त्याने आधी हात घालावा. जर्सी देल तोरोची होती, म्हणून पहिला जोरही त्याचाच असायला हवा होता, हे माझे मत आहे. घरात जो वडील, जो सुस्थितीत, जो अधिकाराच्या जागेवर, त्याच्यावर ही जबाबदारी आधी येते. कारापाझ सुटतो असे मी म्हणत नाही. दुसरे स्थान हातचे जाताना तोही बघत राहिला. पण ज्याच्या अंगावर मानाचे वस्त्र आहे, त्याला वाट पाहण्याची मुभा सर्वांत कमी असते.

आणि येट्स? त्याच्यासाठी हा घाट अनोळखी नव्हता. २०१८ मध्ये तो १३ दिवस गुलाबी जर्सी घालून याच फिनेस्त्रेच्या पायथ्याशी आला होता. त्या दिवशी त्याचे पाय गेले. क्रिस फ्रूम इथूनच ८० किलोमीटर एकटा पळाला आणि शर्यत घेऊन गेला. येट्स त्या टप्प्यात सुमारे ३९ मिनिटे मागे पडला. इतक्या मोठ्या हारीनंतर माणूस एखाद्या जागेचा धसका घेतो, किंवा तिथल्या माणसांवर राग धरतो. येट्स सात वर्षांनी त्याच चढावर आला आणि त्याने फक्त पुढचा रस्ता पाहिला. तो त्या दिवशी सर्वांत ताकदवान होता की नाही, यावर शौकीन आणखी काही वर्षे वाद घालतील. पण कोणाच्या तोंडाकडे बघत तो थांबला नाही, याबद्दल वाद नाही.

२०२६ च्या जानेवारीत पुणे जिल्ह्यात आंतरराष्ट्रीय दर्जाची अनेक टप्प्यांची शर्यत झाली आणि देशोदेशीचे स्वार सह्याद्रीच्या रस्त्यांवर धावले. उद्या अशी एखादी शर्यत सातपुड्यातही यावी, तोरणमाळच्या सातपायरी घाटात आमच्या पोरांनी जगातल्या स्वारांना नावाने हाका माराव्यात, अशी माझी मनापासून इच्छा आहे. त्यासाठीही कोणालातरी पहिला जोर लावावा लागेल: रस्ता धड ठेवण्यासाठी, पोरांच्या हाती बरी सायकल देण्यासाठी, शाळेत एक मैदान आणि एक शिक्षक मिळवण्यासाठी. शासनाने करावे म्हणून गाव थांबेल आणि गावाने मागावे म्हणून शासन थांबेल, तर तोरणमाळचा घाट आणखी पन्नास वर्षे तसाच राहील.

आज सकाळी, दिवसाची कामे सुरू करण्याआधी, एवढेच करून पाहा. 'तो आधी करेल, मग मी' म्हणून अडलेले एक काम आठवा. एखादा फोन, एखादी माफी, एखादी सही, एखादी दुरुस्ती. समोरच्याकडे पाहू नका, त्याचा वाटा मोजू नका. ते काम आज तुम्ही सुरू करा. हिशेब संध्याकाळी करता येईल, आणि बहुधा तेव्हा तो करावासाही वाटणार नाही.